पहिल्या पायरीवर कुबलांचा पाडाव

श्री रंगदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरी, ज्येष्ठ मासी गल्लीराज्यात जे वर्तमान घडले ते ऐसे. पूर्वी या राज्यात तीन मजली चाळ होती, आणि तळमजल्यास बँडवाले क्लॅरिनेट घासत, आणि माडीवर भजनी मंडळ टाळ कुटी, आणि मागे पत्र्याच्या शेडीत दत्ताराम पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. राजवाडा, जंगल, तुरुंग, मागाल ते हजर. मग चाळ पडली आणि बावीस मजली टॉवर उठला, आणि शेड तेवढी उरली. टॉवरचे चेअरमन मधुसूदन कुबल, मूळचे चाळीचेच, पण आता लिफ्टखेरीज हलत नसत. त्यांनी खलिता धाडिला की, रविवारी पाहणीस येतो, शेड पाडून गाड्या लावू. पेंटर रडकुंडीस आले, कारण चाळीस वर्षांचे पडदे ठेवायला दुसरे छप्पर नाही. तेव्हा त्यांच्या पत्नी लीलावहिनी कडाडल्या, "रडताय काय? ब्रश मोडला का तुमचा? मधू फोनवर असला की समोर बघत नाही, ठाऊक आहे ना?" मग पेंटर गालात हसले आणि आठ दिवस दार लावून बसले, आणि अख्खी चाळ कापडावर उतरविली, कुबलांच्या आईचे वाळत घातलेले लुगडे आणि जिनासुद्धा. जिन्याची पहिली पायरी कायमची फुटकी, सारे टांग उंच टाकून दुसरीवर चढत. ती फुटकीच काढिली, आणि कठडा मुद्दाम ओला ठेविला, आणि पडदा शेडीच्या बंद दारावर ताणिला.

रविवारी कुबलांची स्वारी कमिटी आणि मापाची टेप घेऊन आली. स्वारी फोनवर, "हो हो, दहा गाड्या आरामात," आणि चालता चालता डोळ्यांच्या कडेला जिना दिसला, आणि सवयीने टांग उंच गेली, आणि नाक सरळ हिरव्या कठड्यावर! कमिटी खो खो हसली. "चेअरमनसाहेब, वर जाताय तर चहा सांगा!" पेंटर खांबाआडून पाहत उभे. कुबल मात्र लुगड्याकडे पाहत राहिले.

"दत्त्या, ये बाहेर. पदरावर इस्त्रीचा डाग काढलायस?"

"तूच पाडलेलास, मध्या."

"आणि मार माझ्या धाकट्या भावाला, सुध्याला, खायला लावला," म्हणोन कुबल हसले, आणि डोळे पुसताना हिरवा रंग कानापर्यंत नेला. मग हुकूम सोडिला, "टेप गुंडाळा. शेड राहील. पण दत्त्या, ती पायरी दुरुस्त केलीस तर याद राख!"

येणेप्रमाणे राज्य वाचले. जखमी, नाक एक. रंग तीन दिवसांनी रॉकेलने निघाला. अजून जुनी माणसे पडद्यापुढून जाताना टांग उंच टाकतात, आणि नवे बिऱ्हाडकरू, ही काय रीत, म्हणोन पाहत राहतात, आणि मग हळूच आपलीही टाकतात. मजकूर संपला, वाचणाराने पाय जपून टाकणे.