हँडब्रेक खाली केला काय?

आमच्या इमारतीत जूनच्या तोंडावर सकाळी सातला दाराची बेल वाजली, तर दूधवाला समजून पातेलं घेऊन जाऊ नये. दारात हिराजीकाका असतात आणि त्यांच्या हातात वीट असते.

"मॅडम, हँडब्रेक खाली केला काय?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. आपण डोळे चोळत "हो" म्हणालो की ते वीट पुढे करतात. "ही पुडच्या चाकाला लावा. मागची मी लावली." आणि "नाही" म्हणालो, तर चपला घालायचीही सवड न देता आपल्याला चावीसकट खाली घेऊन जातात. पाऊस लागायच्या आत इमारतीतल्या प्रत्येक गाडीचा हँडब्रेक खाली आणि चाकाला वीट, हा त्यांचा दंडक. गेल्या वर्षी नव्याने आलेल्या एका बिऱ्हाडाला वाटलं, ही आमच्या या विचुंबे गावची काहीतरी रीत असावी. त्यांनी विटेला हळदकुंकू वाहिलं. काका म्हणाले, "ऱ्हाव दे. आता ती वीट कोन हलवाचा नाय."

हिराजीकाका आमच्या तळमजल्यावर राहतात. इमारत उभी आहे ती जमीन त्यांचीच होती. वडिलांचं मिठागर होतं, काकांनी स्वतः उरणच्या बंदरावर तीस वर्षं ट्रेलर चालवला. म्हणजे मीठ आणि लोखंड या दोघांचं एकमेकांशी किती वाकडं असतं, हे त्यांना पिढीजात ठाऊक. मी मात्र लातूरची. तिकडे लोखंडाला गंज चढायला पाणी लागतं, आणि पाणी तर आम्हालाच पुरत नाही.

माझी आणि काकांची ओळख झाली ती माझ्या अज्ञानामुळे. इथे राहायला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मी पंधरा दिवस माहेरी गेले. जाताना शहाण्यासारखा हँडब्रेक घट्ट ओढून गेले. परत येऊन गाडी सुरू केली, तर ती जागची हलेना. मी ॲक्सिलरेटर दाबला, गाडीने नुसतं कण्हल्यासारखं केलं आणि जळका वास सुटला. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"बंद करा. तिला रडवू नका."

मग पार्किंगमध्येच माझा वर्ग भरला. आपल्याकडच्या हवेत हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली, की आतला ब्रेक चाकाच्या ड्रमला गंजाने चिकटतो आणि चाक फिरत नाही. "खाडीवरनं वारा येतो ना, त्याच्यात मीठ हाय," काका म्हणाले. "तुमी काय शिकवता शालेत?"

"भूगोल," मी म्हणाले. खारे वारे आणि मतलई वारे मी दरवर्षी सातवीच्या मुलांकडून आकृतीसह पाठ करून घेते. ते माझ्या गाडीच्या चाकात शिरून बसतील असं पाठ्यपुस्तकात कुठेही नव्हतं.

काकांची हत्यारं म्हणजे बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा. त्यात चार पाने, एक हातोडी, दोन बोल्ट, बाभळीचा एक ठोकळा आणि खोकल्याच्या औषधाची एक बाटली. बाटलीत डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल. तिचं मापाचं झाकणही त्यांनी जपून ठेवलंय, कारण अडकलेल्या वस्तूला तेल द्यायचं ते डोस मोजून.

"दोन झाकनं सकाली, दोन संध्याकाली. मधल्या भोकाभवती. आत नाय जाव द्याचं. ब्रेकला तेल पोचलं तं चाक सुटंल, पन मंग गाडी थांबाची नाय."

पण त्याच्याही आधी त्यांनी मला गाडीत बसवून एक गोष्ट करायला लावली होती. "पयला लिव्हर खाली. तो वर असंल तं देव आला तरी ड्रम सुटाचा नाय. आपनच धरून ठेवायचं नि आपनच ठोकायचं, ह्याला काय अर्थ हाय?"

त्यानंतर त्यांनी चाक काढलं, ड्रमच्या कडेला ठोकळा धरला आणि हातोडीने मारायला सुरुवात केली. मारायला म्हणजे काय, दार वाजवावं तसं. आत कुणी आजारी माणूस झोपलंय आणि त्याला दचकवायचं नाही, अशा बेताने. दर चार टोल्यांनी कान लावून ऐकायचे. मी म्हटलं, "काका, जरा जोरात मारा ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मागच्या बाकावर जाऊन उभं राहावंसं वाटलं.

"तेल पाजा नि गप बसा."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. तिसऱ्या दिवशी सकाळी बद्द बद्द वाजणारा ड्रम एकाएकी टण्ण वाजला. काका हातोडी खाली ठेवून म्हणाले, "बोलला." चाक हाताने फिरलं.

तेल पाजा नि गप बसा, हे वाक्य ते कशालाही लावतात. माझ्या कपाटाचा फुगलेला खण, लोणच्याच्या बरणीचं न निघणारं झाकण, दुसऱ्या मजल्यावरच्या नवराबायकोचा आठ दिवसांचा अबोला, सगळ्याला हाच उतारा. अबोल्यात तेल म्हणजे काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "जिताड्याचं कालवन." म्हणजे खाडीतल्या माशाचं. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये अडकले. मेकॅनिक यायला पाऊण तास लागला. काका तेवढा वेळ जिन्यात बसून बंद दाराशी बोलत होते. "दार खेचू नका सायेब. ते पन घाबरलंय." सेक्रेटरी बाहेर आले ते चांगलेच संतापलेले होते, पण शांतपणे संतापलेले.

आता एवढं सगळं असताना या गृहस्थांची स्वतःची गाडी पार्किंगमध्ये ढिम्म अडकून पडावी, ही इमारतीतली सगळ्यात मोठी गंमत होती. पांढरी, जुनी, चौकोनी गाडी. मी राहायला आले त्याच्या वर्षभर आधीपासून ती तिथेच होती. काका रोज ओल्या फडक्याने तिची काच पुसायचे, खालचा कचरा झाडायचे, पण तिची चाकं मात्र कायमची जाम. लोक चिडवायचे. "काका, आमच्या गाड्यांना विटा, आणि तुमचीच अडकली?" काका फडकं पिळत म्हणायचे, "बघू. येल लागंल." मीही चिडवलंय. आता ते आठवलं की वाईट वाटतं.

या मे महिन्यात त्या गाडीच्याच खालून जाणारी पाण्याची लाइन फुटली. प्लंबरने सांगितलं, खोदायचं तर गाडी हलली पाहिजे. मीटिंग झाली. रविवारी दुपारपर्यंत गाडी तिथून निघाली नाही, तर क्रेन बोलवायची आणि ओढून काढायची. जाम चाकांची गाडी ओढली तर तिचं काय होणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. काकांचा मुलगा उलव्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "पप्पा, क्रेनवाल्याला तशीच भंगारात न्यायला सांगा. त्या गाडीत आता काय उरलंय?" फोन स्पीकरवर होता, कारण काकांचे हात ग्रीसने भरले होते. त्यांनी कोपराने फोन बंद केला.

गुरुवारी सकाळीच बिस्किटांचा डबा बाहेर आला. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी मदतनीस. काकांनी मागची दोन्ही चाकं काढली. डोस सुरू झाले. ठोकळा, हातोडी, कान. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. ड्रमवर दोन बारीक आट्यांची भोकं असतात, त्यांत बोल्ट पिळून ड्रम पुढे ढकलायचा, तोही प्रयोग झाला. एक बोल्ट तुटला. काका कधी नव्हे ते घामाघूम झाले होते आणि शनिवारी दुपारी मी चक्क पाहिलं, ते जोरात मारत होते. या माणसाला मी कुठल्याही वस्तूवर असं मारताना कधी पाहिलं नव्हतं.

"काका, पाणी घ्या," म्हणून मी सीटवर ठेवलेली बाटली काढायला गाडीच्या खिडकीतून आत हात घातला आणि थांबले.

हँडब्रेकची लिव्हर वर होती. पार वर, शेवटच्या दात्यापर्यंत ओढलेली.

मला आधी हसू आलं. पयला लिव्हर खाली, असं साऱ्या इमारतीला शिकवणारा माणूस तीन दिवस लिव्हर खाली न करता ड्रम ठोकतोय. मी म्हणाले, "काका, अहो हँडब्रेक."

त्यांनी हातोडी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं नाही.

"ठाव हाय मना," म्हणाले.

मग ते तिथेच फरशीवर बसले, ड्रमला पाठ टेकून.

"तिनी ओढलाय."

काकी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलं नाही. इमारतीतले लोक सांगतात, पनवेलच्या मार्केटात भाजी घेऊन बसायच्या, आवाज मोठा, हात सढळ. त्या दुपारी काकांनी जे सांगितलं ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर काकींनी हट्ट धरला की टोपल्या रिक्षात घालून नेणं पुरे झालं, मला गाडी शिकव. काकांनी शिकवली. सीटवर उशी घेऊन त्या बसायच्या आणि विचुंब्यापासून मार्केटपर्यंत सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये कापायच्या. मागचे हॉर्न वाजवायचे, त्या खिडकीतून हात काढून त्यांनाच ओरडायच्या.

"एकच खोड व्हती," काका म्हणाले. "गाडी लावली का हँडब्रेक दोन हातांनी ओढाची. मी बोलायचो, अगो तुटंल तो. तं बोलायची, तुमाला काय, रातची गाडी एकटीच निघून गेली तं? मी रोज पाठून जाऊन तो खाली करायचो नि वीट लावायचो. रोज. तवा मेच्या शेवटाला मार्केटातनं आली, गाडी लावली, घरात आली, बोलली, छातीत भरल्यासारखं वाटतंय. दवाखान्यात नेली ती परत नाय आली." हातावरचं ग्रीस फडक्याला पुसत ते म्हणाले, "त्या दिशी खाली कराचा ऱ्हायला. मंग नाय केला. तिचा हात लागलाय शेवटचा. मी खाली केला का संपला."

आपण शिक्षक. कोणी काही बोललं की उत्तर द्यायची खोड. माझ्या जिभेवर दोन-तीन वाक्यं आली होती, समजुतीची. मी ती गिळली. वर गेले, चहा केला, दोन कप घेऊन खाली आले आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. गप बसले. संध्याकाळी उठताना काका एवढंच म्हणाले, "उद्या बघू."

रविवारी सकाळी खाली गेले तर काका आंघोळ करून, पांढरा सदरा घालून गाडीत बसलेले. मी बाहेर उभी राहिले. त्यांनी लिव्हरवर हात ठेवला, बटण दाबलं. लिव्हर हलली नाही.

"मॅडम, हिचं एक हाय," ते समोर बघत म्हणाले. "घट्ट बसला असंल तं तसा सुटत नाय. सोडाचा असंल तं पयला अजून थोडा वर ओढाय लागतो."

आणि त्यांनी लिव्हर दोन हातांनी धरली. तिच्यासारखी. वर ओढली, कर्र करून एक दाता वर गेली, क्षणभर तशीच धरली आणि मग हळूच खाली नेली. खट् असा आवाज झाला. ते बराच वेळ उतरले नाहीत. मी दुसरीकडे बघत राहिले, आणि खरं सांगायचं तर मला दिसतही नव्हतं नीट.

त्यानंतर ठोकळा, हातोडी, कान. पहिला ड्रम दहाच्या सुमाराला बोलला, दुसरा साडेअकराला. चाकं चढवली, पायपंपाने हवा भरली. सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरचं ते जोडपं, वीट पुजणारं बिऱ्हाड, सगळे ढकलायला आले. काका स्टिअरिंगवर. गाडी कुरकुरत पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, चाफ्याच्या झाडाजवळ जाऊन उभी राहिली. क्रेन बोलवावी लागली नाही.

मी माझ्या गाडीजवळची वीट उचलून आणली आणि काकांच्या मागच्या चाकाशी वाकले.

"नको," काका आतून म्हणाले. कर्र कर्र कर्र करत त्यांनी हँडब्रेक वर ओढला. दोन्ही हातांनी.

"काका, अहो चिकटेल. पावसाळा आलाय."

"रोज सकाली सोडला तं नाय चिकटत. संध्याकाली लावीन, सकाली सोडीन." मग जरासे ओशाळून म्हणाले, "पयलं पन असंच व्हतं. ती लावाची, मी सोडायचो."

आता जून संपत आलाय. विटांचं वाटप यंदाही वेळेवर झालं. रोज सातच्या सुमाराला मी चहा ठेवते आणि खिडकीशी उभी राहते. खालून चपलांचा आवाज येतो, गाडीचं दार उघडतं, कर्र करून एक दाता वर आणि मग खट्. त्यानंतर थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. काका तेवढा वेळ गाडीतच बसलेले असतात, म्हणून मीही चहा उतरवायची घाई करत नाही.