पायलची मशीन

त्या रविवारी सक्करदऱ्यात दीपमालाच्या घरी सकाळपासून झाडझूड चालली होती. काटोलहून रोहित आणि मिनल हे तरुण जोडपं आपल्या दोन वर्षांच्या पायलला घेऊन यायचं होतं. पायलला जन्मापासून ऐकायला फार कमी येई आणि नुकतीच तिच्या दोन्ही कानांना मशीन बसली होती. दीपमालाची गार्गीही अशीच जन्मलेली. आता ती सहावीत होती आणि कानांत मशीन लावून चारचौघींसारखी शाळेत जात होती. म्हणून मुलांना बोलायला शिकवणाऱ्या अरुंधती मॅडमनी दीपमालाला गळ घातली होती, की नव्या आईबापांना माहिती मी देते, धीर मात्र तुम्ही द्या.

दीपमालाला वाटलं, आपल्याला काय येतं? ती एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. एकाच प्रश्नाला दिवसभर न चिडता उत्तर देणं, एवढीच तिची विद्या. मॅडम म्हणाल्या, या कामाला तीच लागते.

आणि ते खरं निघालं. चहा होईपर्यंत मिनलने "माही पोरगी बोलन ना हो ताई?" हे कितीदा विचारलं असेल, पण दीपमालाने दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं, "बोलन." मग तिला हुरूप आला. मशीन दिवसभर कानात हवी, लेकराच्या समोर बसून बोलायचं आणि ती नाजूक वस्तू भलतीकडे कधी ठेवायची नाही. आमच्या घरी तर याबाबत फार शिस्त आहे, असं ती सांगत होती, तेवढ्यात मिनलने पायलकडे पाहिलं. एका कानातली मशीन गायब होती.

शोधाशोध सुरू झाली. उशा झटकल्या, चपला उलट्या करून पाहिल्या. रोहित दिवाणाखाली शिरला आणि खांद्यापर्यंत जाऊन अडकला. दीपमालाच्या सासूबाई, रंभाबाई, यांनी शांतपणे शंका काढली की पोरीने गिळली तर नसेल? झालं, मिनल रडू लागली आणि दिवाणाखालून रोहित दवाखान्यात चला म्हणू लागला. पायल तेवढी बिस्किट खात बसली होती.

चालू मशीन कशाखाली दबली की बारीक शिट्टी मारते, हे दीपमालाला आठवलं. तिने पंखा बंद केला आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. सगळे कान देऊन ऐकू लागले. आणि त्या शांततेत स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी मारली.

सगळे दचकले. पायलही दचकली. तिने मान वळवली आणि बिस्किटाचा हात स्वयंपाकघराकडे केला.

"पायलले ऐकू आलं," मिनल कशीबशी म्हणाली.

"काय आलं वं?" दिवाणाखालून आवाज आला. एवढ्या मोठ्या घटनेला बाप तेवढा हजर नव्हता.

त्याला पाय धरून बाहेर ओढलं. आता त्यालाही बघायचं होतं. पण वाट पाहायला लागल्यावर कुकर कसला बोलतो? रंभाबाईंनी जाऊन गॅस मोठा केला. शिट्टी झाली, पायल पुन्हा वळली आणि चक्क हसली. रोहितने जाळं लागलेल्या हातानेच डोळे पुसले. मग अजून एक, अजून एक असं करता करता वरण बुडाला लागलं.

त्या वासाने गार्गी आतल्या खोलीतून बाहेर आली आणि काय जळून राहिलं म्हणून विचारू लागली. दीपमालाने मशीनचं विचारलं.

"ते होय? पाणी प्यायले आली तं खाली पडली होती. मी बंद करून डबीत ठेवली, दमट नको व्हायले."

"मग इतक्या वेळची सारं घर ओरडून राहिलं, तुले ऐकू काहून नाही आलं?"

"मी अभ्यास करून राहिली होती. तू लई बोलतं आई. म्हणून मी माह्या मशीनी बंद केल्या होत्या, आत्ता चालू केल्या."

शिस्तीच्या घराचा असा पंचनामा झाल्यावर दीपमालाला मान वर करवेना. तिने मिनलची माफी मागितली आणि मॅडमना सांगून दुसरं चांगलं घर शोधू म्हणाली. मिनलचं मात्र तिच्याकडे लक्षच नव्हतं. वरण का जाळलं म्हणून गार्गी आता आजीशी हुज्जत घालत होती, आणि मिनल भान हरपून तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"ताई," तिने हळूच विचारलं, "माही पायल पण अशीच भांडन का हो?"

दीपमालाने लेकीकडे पाहिलं. त्या तोंडून "आई" हा एक शब्द निघावा म्हणून तिने कोणाकोणाचे उंबरे झिजवले होते, आणि किती जणांनी तिला हात दिला होता.

"भांडन," ती म्हणाली. "तुमचं बोलणं तोडून भांडन."

मिनल हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

मग उलट बोलल्याबद्दल लेकीला चांगलं रागवावं म्हणून दीपमाला उठली. जवळ गेली, तोंडही उघडलं, पण रागावणं काही तिला जमलं नाही.