साळूबाईचे बीळ आणि प्रचाराची दोन बोरे

एका जंगलात नदीच्या वळणावर सहा खोल्यांचे एक बीळ होते. मुलांनो, बिळाला सहा खोल्या कशा, असे विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर एवढे सोसावेच लागते.

हे बीळ साळूबाई नावाच्या साळिंदराचे. तिच्या अंगावर काटे होते, पण बोलणे मऊ होते. वाटसरू ससे, मुंगूस, एखादी दमलेली घोरपड तिच्याकडे उतरत. अंथरायला कोरडे गवत, जेवायला भाजलेले कंद, आणि मुक्कामाचे भाडे दहा बोरे. ती बोरे साळूबाई वाळवून कोठीत टाकायची. पावसाळ्यात चार महिने बाहेर पडता येत नसे, तेव्हा त्याच बोरांवर ती जगायची. कोठी रिकामी राहिली तर पुढचा पावसाळा तिला दिसला नसता.

पाहुणे कुणामुळे येत? टिटवीमुळे. टिटवीच्या पोटात काही राहत नाही. ती दूरदूरच्या तळ्यांवर जायची आणि जो भेटेल त्याला सांगायची, "जाल तर आमच्या साळूआक्काकडेच उतरा." या कामाचे ती काहीच घेत नसे. फार तर दारातले दोन किडे टिपायची.

सगळे बरे चालले होते. म्हणूनच वनराजांना काळजी वाटू लागली. शेजारच्या जंगलात पर्यटन प्रचार मंडळ होते, आणि आपल्याकडे नव्हते. मंडळ नेमले गेले. उदमांजरराव अध्यक्ष झाले आणि पाच जण सदस्य.

उदमांजरराव साळूबाईकडे आले. म्हणाले, "बाई, प्रचाराला खर्च येतो. पाहुण्यांचा फायदा कुणाला? तुम्हाला. तेव्हा दर दहा बोरांतली दोन मंडळाची."

साळूबाईला ते पटले. दोन देऊन वीस येणार असतील तर वाईट काय? तिने निवडून टपोरी बोरे दिली.

मंडळाने मोराचे चित्र असलेले फलक केले. 'या, राहा, रमा' असे त्यावर लिहिले. एक फलक वनराजांच्या गुहेसमोर लागला. बाकीचे सदस्यांच्या दारात लागले.

"रावसाहेब, फलक जंगलाबाहेर नको का?" साळूबाईने विचारले.

"बाहेर लावले तर आपल्याला दिसणार कसे?" उदमांजरराव म्हणाले. साळूबाईला वाटले, शिकलेली मंडळी, काहीतरी असेल.

मग एक दिवस टिटवी रडवेली होऊन आली. "आक्का, मला नोटीस आली. परवान्याशिवाय प्रचार केला म्हणून. आता तोंड उघडलं तर दंड आहे."

"मग नको गं उघडूस," साळूबाई म्हणाली. तिला फार वाईट वाटले. टिटवीला गप्प बसवणे म्हणजे नदीला थांब म्हणण्यासारखेच होते. पण दंडाच्या भीतीने टिटवी खरोखर गप्प बसली.

पाहुणे घटले. आधी घोरपड येईना, मग मुंगूस, मग ससेही येईनात. मंडळाने बैठक घेतली. पाहुणे घटले, म्हणजे प्रचार कमी पडला. दोनाची चार बोरे झाली. पाहुणेच नव्हते, म्हणून ही चार बोरे दर आठवड्याला साळूबाईच्या कोठीतून जाऊ लागली.

आभाळ भरून यायला महिनाच उरला होता. कोठीच्या तळाशी मूठभर बोरे होती. साळूबाई ती रोज पाहून यायची. पाहून बोरे वाढत नाहीत, हे तिला माहीत होते. तरी जायची.

तेवढ्यात पाहुणे का येत नाहीत याची पाहणी करायला सारे मंडळ तिच्या बिळात उतरले. सहा जण, सहा खोल्या.

"मुक्कामाची बोरे?" साळूबाईने चाचरत विचारले.

"आम्ही पाहुणे नव्हे, बाई," उदमांजरराव कंद सोलत म्हणाले. "आम्ही पाहुण्यांसाठी आहोत."

पाहणी आठ दिवस चालली. आठव्या दिवशी संध्याकाळी दारात एक म्हातारे कासव उभे राहिले.

"जागा आहे का गं बाई?"

साळूबाई लगबगीने पुढे आली. जागा नव्हती. तिने स्वयंपाकाच्या कोनाड्यात गवत अंथरून दिले आणि आपण उंबऱ्यावर बसली.

सकाळी उदमांजररावांनी कासवाला पाहिले आणि ताबडतोब बैठक बोलावली. "आजोबा, आमचा फलक पाहून आलात ना?"

"कसला फलक?" कासव म्हणाले. "मला टिटवीने सांगितलं."

"पण टिटवी तर सहा महिने बंद आहे."

"बंद व्हायच्या आधी सांगितलं होतं. तेव्हाच निघालो. माझी चाल ही अशी."

मग उदमांजररावांनी अहवालात लिहिले: 'प्रचार सुरू झाल्यानंतर पाहुणा आला. फळ उशिरा मिळते, पण मिळते. सबब चाराची सहा बोरे करावीत.'

त्या दिवशी निघताना कासवाने दहा बोरे दिली. सहा मंडळाने नेली. साळूबाईने उरलेली चार हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली. मग तिने बिळाचे दार मातीने लिंपले आणि सरळ वनराजांकडे गेली.

"महाराज, मंडळात एखादा अनुभवी सदस्य नको का? माझ्याकडे पाहुणे येईनासे झाल्याचा दांडगा अनुभव आहे."

वनराजांना ते रास्त वाटले.

आता साळूबाई या बिळातून त्या बिळात पाहणी करत फिरते. अंगावर तुकतुकी आली आहे. पावसाळा तिने डोंगरापलीकडच्या एका मुंगशीणबाईकडे काढला. चार महिने. रोज दोन वेळा वाढताना मुंगशीणबाईचा चेहरा उतरत गेला.

शेवटच्या दिवशी साळूबाईने ढेकर दिली, अहवाल उघडला आणि मऊ आवाजात विचारले, "बाई, तुमच्याकडे पाहुणे का येत नाहीत हो?"

तात्पर्य: अतिथी देवासारखा असतो हे खरे. पण मुलांनो, देव होण्यापेक्षा देवस्थानचे विश्वस्त व्हावे. नैवेद्य तोच असतो आणि कुणाला पावावे लागत नाही.