रानकोंबडीची जागा

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. मोठे शब्द मला येत नाहीत, म्हणून साधेच घातले आहेत. तुम्ही सांभाळून घ्या.

तर मुलांनो, एका जंगलात एक विचारयंत्र होतं. तिथे नदीला दरवर्षी पूर यायचा. पुराआधी सगळ्यांना तराफ्यावर बसवून पलीकडच्या टेकडीवर न्यायची पद्धत होती. तराफा रेडा ओढायचा. त्यावर कोणी बसायचं ते मात्र यंत्र ठरवायचं. जागा मिळाली की यंत्र पळसाचं पान द्यायचं. पान नसेल तर बसायचं नाही, आणि यादी पूर्ण झाल्याशिवाय तराफा सोडायचा नाही, असा सिंहमहाराजांचा हुकूम होता.

पूर्वीचं यंत्र फार पक्कं होतं. एकदा म्हटलेलं ते कधीच मागे घेत नसे. मागच्या वर्षी ते म्हणालं, "बगळा पक्षी आहे. पक्षी उडतात. बगळ्याला जागा नको."

बगळा म्हणाला, "माझा पंख मोडलाय."

यंत्र म्हणालं, "नोंद घेतली. बगळ्याचा पंख मोडला आहे. बगळा उडतो."

त्या बगळ्याचं पुढे काय झालं ते विचारू नका. त्याच्या नावाने जंगलात संशोधन केंद्र आहे.

त्या केंद्राचे प्रमुख पंडित साळिंदर. लेखण्या कायम पाठीवरच. त्यांनी वर्षभर खपून नवं यंत्र बनवलं आणि महाराजांना दाखवलं.

"महाराज, सगळं कळेपर्यंत थांबलं तर कामच होत नाही. म्हणून हे यंत्र आधी अंदाज बांधतं. नवं काही कळलं की अंदाज मागे घेतं."

"म्हणजे माझ्यासारखंच," महाराज म्हणाले.

"नाही महाराज. हे कबूल करून मागे घेतं."

महाराजांनी आयाळ सारखी केली. मग त्यांनी मंजुरी दिली.

यंदा पाणी लवकर चढलं. सगळे तराफ्यावर बसले. यादीत एकच नाव उरलं, रानकोंबडीचं. ती काठावर उभी होती. शेजारी टोपलीत तिची सात अंडी होती.

यंत्र म्हणालं, "रानकोंबडी पक्षी आहे. पक्षी उडतात. जागा नको."

"अहो पंडितकाका," रानकोंबडी म्हणाली, "नदीपलीकडे उडून जाणं मला कुठलं जमतंय?"

"नवी माहिती," यंत्र म्हणालं. "अंदाज मागे. जागा द्यावी."

पळसाचं पान बाहेर आलं. टाळ्या झाल्या. पंडितांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बगळा आज हवा होता," ते म्हणाले.

रानकोंबडीने पाय उचलला, तेवढ्यात कोल्हा खाकरला. कोल्हा केंद्राचा परीक्षक होता. "मी हिला बाभळीवर उडताना पाहिलंय."

"अंदाज मागे. जागा नको." पान परत घेतलं गेलं.

"मागे मुंगूस लागलं होतं हो! जिवाच्या भीतीने कोणीही उडेल!"

"अंदाज मागे. जागा द्यावी." दुसरं पान आलं.

"आणि आताही मुंगूस जवळ असेल तर?" कोल्ह्याने विचारलं.

"मुंगूस जवळ असल्याची नोंद नाही," यंत्र म्हणालं. "नोंद नाही, म्हणजे मुंगूस नाही."

"मी इथे बसलोय की," तराफ्यावरून मुंगूस म्हणालं. त्याच्याकडे पान होतं.

"अंदाज मागे. जागा नको."

रेडा म्हणाला, "पंडित, पाणी माझ्या गुडघ्याला लागलं. तिला बसवा आणि सोडा मला."

"थांब रे. असा प्रयोग पुन्हा मिळायचा नाही."

रानकोंबडी टोपलीपुढे उभी राहिली. "मला नकोच जागा. मी बघेन माझं. पण ही टोपली तेवढी घ्या. पाया पडते."

पंडितांनी यंत्राकडे पाहिलं.

"टोपलीत काय आहे?" यंत्राने विचारलं.

"माझी अंडी."

"पक्ष्याची अंडी म्हणजे पक्षीच. पक्षी उडतात. जागा नको."

"अहो, अंडं कुठे उडतं का!" सगळा तराफा ओरडला.

"अंदाज मागे. अंड्यांना जागा द्यावी."

"पण त्यांतून पिल्लं निघतील," कोल्हा म्हणाला, "आणि पिल्लांना पंख असतात."

"अंदाज मागे."

"अपवादाला अपवाद, आणि त्यालाही अपवाद!" पंडित पाठीवरची एकेक लेखणी उपसून लिहीत सुटले. काठावर पळसाच्या पानांचा ढीग झाला.

"पंडित, पोटाला लागलं पाणी."

"थांब म्हटलं ना! शेवटचं मत अजून शेवटचं झालेलं नाही."

तेव्हा लोंढा आला. तराफा हेलकावला. मुंगूस घाबरून काठावर उडी मारायला गेलं ते नेमकं रानकोंबडीपुढे पडलं. ती किंचाळली आणि भर्रकन बाभळीच्या फांदीवर जाऊन बसली.

यंत्र म्हणालं, "रानकोंबडी उडते. जागा नको."

टोपली उलटली होती. रेड्याने कोणाला काही विचारलं नाही. तराफा ओढायचा दोर खाली टाकला आणि पाण्यात तोंड घातलं. तीन अंडी त्याने जिभेवर धरून आणली. चार गेली.

पूर ओसरल्यावर पंडितांचा निबंध आला. त्यात त्यांनी मोठ्या मनाने लिहिलं की बऱ्याच विचारांती यंत्राचा पहिलाच अंदाज बरोबर ठरला. त्यांना पदक मिळालं. दोर टाकल्याबद्दल रेड्याला ताकीद मिळाली. केंद्रात नवीन दालन बांधलं, त्याला 'चार अंडी सभागृह' असं नाव दिलं.

उद्घाटनाला पहिल्या रांगेत रानकोंबडीची खुर्ची राखून ठेवली होती. तिच्यासाठी पळसाचं पानही होतं. ती आली नाही.

"बोलावलेले पाहुणे येतात," यंत्र म्हणालं. "न आल्याची नोंद नाही. रानकोंबडी आली आहे."

पंडितांनी रिकाम्या खुर्चीला हार घातला. टाळ्या झाल्या.

तात्पर्य: मुलांनो, चूक कबूल करायला विद्वानांना कधीच उशीर होत नाही. उशीर होतो तो अंड्यांना.

एवढं लिहून मी झोपलो. आमचं घर ओढ्याकाठी आहे. आमची कोंबडीही सध्या अंड्यांवर बसली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी खुराड्याखाली चार विटा घातल्या. तिला काही विचारलं नाही.