लाजरा वटवट्या

दुर्बीणकाकांना पक्षी बघावा लागत नसे. आवाज कानावर पडला की ते नाव, गाव, वय सांगून मोकळे होत. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि बागेतल्या पक्षीमंडळात ते खोडून काढायची कोणाची टाप नव्हती. मंडळ म्हणजे तरी काय, रविवारच्या व्यायामाला दांडी मारायला निमित्त हवं असलेली सात माणसं.

पाणीखात्यात हेडक्लार्क असताना काकांच्या एका खाकरण्यावर चार टेबलं सावध व्हायची. निवृत्त झाले आणि घरात कोणी वळूनही बघेना. मुलगा मोबाइलमधून मान वर न करता "हो बाबा" म्हणायचा, आणि कशाला हो म्हटलं, ते त्यालाही माहीत नसायचं. दुर्बीण गळ्यात आली आणि दिवस पालटले. बागेत लोक पुन्हा 'सर' म्हणू लागले. ते काकांना इतकं गोड लागे, की सोमवारपासूनच ते रविवारची वाट बघत.

अशाच एका रविवारी, सात वाजून दहा मिनिटांनी, उंच झुडुपांच्या कुंपणापलीकडून आवाज आला. चीं-किर्र, चीं-किर्र, चींऽ.

"थांबा." काकांनी हात वर केला. सगळे जागच्या जागी उभे राहिले. "लाजरा वटवट्या."

"अहो, काहीतरी गंजलेलं वाटतंय," काकू म्हणाल्या. मंडळात त्यांचं स्थान चहाच्या थर्मासपुरतं होतं.

"अगं, पुस्तकात दिलंय. हा पक्षी दिसत नाही, फक्त ऐकू येतो."

काकांच्या दृष्टीने याहून सोयीचा पक्षी मिळणं कठीण होतं. पुढचे तीन रविवार तो नेमका सात-दहाला ओरडला. इतकं वेळेवर आमच्या खात्यात कोणी येत नसे, असं काका कौतुकाने सांगत. घरी तर आंघोळ करताना, जेवताना, मोजे घालताना ते तोच आवाज काढत.

"शेवटचा चीं वर जातो. खाली नाही," ते काकूंना बजावत.

"मला काय परीक्षेला बसायचंय?" काकू भाजी चिरता चिरता म्हणत.

मंडळाची चिटणीस होती दातांची डॉक्टरीण. तिने पक्ष्यांवर तीस वर्षं काम केलेल्या एका प्राध्यापकांना बोलावणं धाडलं. त्यांनी शिक्कामोर्तब केलं, की सरांच्या शोधाची रीतसर नोंद होणार होती. काकांनी लगेच स्वतःच्या हाताने पाटी रंगवून कुंपणाजवळ ठोकली: 'शांतता राखा. दुर्मीळ पक्षी.'

ठरलेल्या रविवारी प्राध्यापक आले, कानामागे हात धरून उभे राहिले. सात-दहा झाले. सव्वासात झाले. कुंपण मुकाट. डॉक्टरीणबाई काकांकडे बघू लागल्या, आणि त्या बघण्यातला 'सर' हळूहळू पातळ होऊ लागला.

इतक्यात कुंपणाच्या टोकाकडून माळीदादा पालापाचोळ्याची ढकलगाडी घेऊन आले. गाडीचा जराही आवाज येत नव्हता. काकांच्या कानाशी येऊन ते पाटीला मान देत कुजबुजले, "काका, तुमची पाटी वाचली. म्हटलं आपल्या चाकाने पक्ष्याला त्रास नको. काल चांगलं तेल पाजलं. आता बघा, हूं की चूं नाही."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. चार रविवार आपण एका चाकाचं नाव, गाव, वय सांगत होतो, हे त्यांना कळून चुकलं. उद्यापासून बागेतही "हो काका" एवढंच ऐकायला मिळणार, या विचाराने त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. पण तीस वर्षं इमानाने नोकरी केलेला माणूस तो. लपवणं त्यांच्याने होईना.

"प्राध्यापकसाहेब," ते घसा खाकरून म्हणाले, "मला जरा सांगायचंय..."

चीं-किर्र, चीं-किर्र, चींऽ.

प्राध्यापकांनी हात वर केला. "थांबा."

पुन्हा एकदा आवाज आला. माळीदादा आपल्या चाकाकडे संशयाने बघू लागले. प्राध्यापकांनी डोळे मिटले.

"मादी आहे," ते म्हणाले. "नर इतकं स्पष्ट बोलत नाही. माझा कान कधी फसत नाही."

टाळ्या वाजवायला पाटीची मनाई होती, म्हणून सगळ्यांनी काकांशी हात मिळवले. काकांनी मात्र आजूबाजूला पाहिलं. थर्मास बाकावर होता, आणि काकू नव्हत्या. दोन मिनिटांनी त्या कुंपणाला वळसा घालून आल्या. केसांत एक वाळकं पान अडकलं होतं. त्यांनी प्राध्यापकांच्या हातात चहाचा कप दिला.

आता दर रविवारी पक्षी ऐकायला पन्नास माणसं येतात. काकांनी आयुष्यात कधी गॅस पेटवला नव्हता. हल्ली ते रविवारी साडेपाचला उठून चहा करतात आणि कप घेऊन काकूंच्या उशाशी उभे राहतात.

"येईल ना गं आज तो?" त्यांनी परवा अदबीने विचारलं.

काकूंनी चहाचा घोट घेतला. "येईल. पण दोनदाच ओरडेल. आणि शेवटचा चीं खालीच जाईल."

पुस्तकात वर जातो असं दिलंय, हे वाक्य काकांच्या अगदी तोंडाशी आलं होतं. ते गिळून त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.