भरतातली विलायची

आमच्या गल्लीतले धोंडूनाना कुणाला रामराम घालत नाहीत. सरळ तळहातावर वेलदोडा ठेवतात. "ले, विलायची. आधी चाव, मंग सांग." भांडायला आलेला शेजारी असला तरी हाच नियम! चावून होईपर्यंत त्याचं निम्मं भांडण विरलेलं असतं.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. धुळ्याला बी.एस्सी. करते एवढंच, पण नानांच्या लेखी मी डॉक्टर. रोज बसमधून उतरले की विचारणार, "बेटा, तुना पुस्तकमा विलायचीनं काय लिखेल शे?"

मी चाचरत सांगते, पचनाला बरी असं म्हणतात.

"'म्हणतात' नको सांगू. 'शे' सांग!" म्हणजे ठासून 'आहे' म्हण.

त्यांचे स्वतःचे नियम मात्र पक्के. दाणे ऐनवेळी कुटायचे, नाहीतर वास उडतो. सालं साखरेच्या डब्यात. खिरीत पूड घालायची ती खाली उतरवल्यावर. एकदा माझा मामा पैजेवर अकरा केळी खाऊन आडवा झाला, तेव्हा नाना अनवाणी धावत आले आणि त्याच्या तोंडात दोन वेलदोडे कोंबले. तासाभरात मामा उठला. तो नुसता पडून राहूनही उठला असता, असं मला वाटतं. 

यंदा पावसाळ्यात नानींना मोठा ताप आला. ताप गेला तो तोंडाची चव घेऊनच. काहीही द्या, "माती शे" म्हणून ताट सरकवायच्या. अंगाने निम्म्या झाल्या. नानांनी चहात, शिऱ्यात, अगदी ताकातसुद्धा वेलदोडा घालून पाहिला. नानी मुकाट्याने दोन घास गिळायच्या, बस.

थंडीत गल्लीची भरीत पार्टी निघाली. शेतात वांगी भाजली, मिरच्या-लसूण ठेचला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या. पहिला घास घेतला आणि शेजारचे आबा ओरडले, "हाई काय शे? भरीतमा विलायची?"

सगळ्यांच्या नजरा नानांकडे वळल्या. आमच्याकडे माणूस एकवेळ शेताचा बांध सोडेल, पण भरतातली ढवळाढवळ सोडणार नाही.

"नाना, उद्या शेवभाजीमा केसर टाका!" कुणीतरी ओरडलं.

बाया पदराआड हसत होत्या, पुरुष खरोखर चिडले होते.  नानांनी डब्यात भरीत-भाकरी भरली आणि मला म्हणाले, "चाल बेटा. तू सायन्सवाली. साक्षीदार."

घरी नानी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नानांनी घास पुढे केला.   नानींनी चावलं. थांबल्या. कपाळाला आठी पडली.

"भरीतमा विलायची? येडं लागनं का तुम्हले? बठ्ठं भरीत बिघाडी टाकं!"

"चव लागनी!" नाना एवढ्या जोरात ओरडले की मीही ओरडले. आम्ही दोघं का नाचतोय हे नानींना कळेना, त्यामुळे त्या आणखीच भडकल्या.

नाना त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. "आखो बोल, आणखी बोल," म्हणाले, आणि उपरण्याने डोळे पुसले.

नानी बोलत राहिल्या. बोलता बोलता दुसरा घास त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला.