तिसरा पुकारा

आमचे शेजारी जज्जसाहेब भाजीवालीलासुद्धा तीनदा पुकारत. गॅलरीत ताठ उभे राहून खणखणीत आवाजात, "रुक्मिणीबाई हाजिर हो!" तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत ती गल्लीत दिसली नाही, तर दार बंद. मग ती खालून कितीही ओरडू दे, त्या दिवशी त्यांच्याकडे पिठलं. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा जेवायला उशिरा पोचला. तोवर तिन्ही पुकारे होऊन गेले होते. बिचारा आमच्याकडे जेवला. साहेब स्वतः वाटीत शेंगाचटणी घेऊन आले. म्हणाले, "निकाल फिरवता येत नाही. चटणी देता येते."

कोर्टात शिपायानं तीनदा नाव पुकारूनही माणूस आला नाही, तर त्याला गैरहजर धरतात आणि काम निकाली काढतात. साहेब निवृत्त झाले, पण हा नियम त्यांच्याबरोबर घरी आला.

मूळचे ते वळसंगचे. सोलापुरात वकिली सुरू केली, ती चालली नाही. समोरचा वकील बोलायला लागला की यांना त्याचंही पटायचं, आणि भर कोर्टात हे मान डोलवायचे. पक्षकार पळून जायचे. त्यांची बायको महादेवीकाकू हसत सांगायच्या, "दोन्हीकडचं पटतंय म्हणल्यावर मीच म्हणलं, परीक्षा द्या आन् मधी जाऊन बसा की!"

बसले. जज्ज चांगले झाले, असं लोक सांगतात. पण जज्जानं गावात कुणाकडे चहालाही जायचं नाही, ही त्यांची शिस्त. बदलीच्या प्रत्येक गावात बोलायला फक्त काकू.

त्यांनाही पुकारा चुकला नाही. रोज सकाळी चहा झाला की, "महादेवीबाई हाजिर हो!" काकू पहिल्याला कधी ओ देत नसत. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यासाठी साहेबांनी श्वास घेतला की आतून आवाज यायचा, "आले की हो! पळत यायला मी काय आरोपी हाय?" काकूंच्या नावाचा तिसरा पुकारा मी कधी ऐकला नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या.

मुलगी सुनीता पुण्याहून आली. "ताई, बाबांना तुम्ही समजावा," म्हणाली. मी रडारड न करता सांगितलं, "साहेब, एकटे आहात. एखाद्या दिवशी गॅस चालू राहील, कुणाला कळणार नाही. जा तिच्याकडे."

"तुमचं म्हणणं पटतंय," ते म्हणाले.

ठरलं. गाडी दारात आली. मी गॅसचा कॉक बंद केला, सुनीतानं खिडक्या लावल्या. साहेब बूट घालून, हातात कुलूप घेऊन उंबऱ्याशी थांबले. आत तोंड करून म्हणाले, "महादेवीबाई हाजिर हो!"

सुनीता दचकली. मी तिचा हात धरला.

थोडं थांबून पुन्हा, पण आता हळू. आत फ्रिजसुद्धा बंद केलेला. कसलाच आवाज नाही.

तिसऱ्यासाठी त्यांनी श्वास घेतला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग तोंड मिटलं, कुलूप बाजूला ठेवलं आणि पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

"बाबा, तुम्ही हो म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो. तुझं म्हणणं अजूनही पटतंय, बाळ."

नाडीची गाठ त्यांना सुटेना. मी खाली बसून सोडवली, आणि आत जाऊन गॅसचा कॉक परत उघडला.